पुन्हा उभारलेले नगर

युरोपातील पुष्कळ राजधान्या आपल्या प्राचीनतेबद्दल प्रसिद्ध आहेत. रोमला गेलेला प्रवासी दोन हजार वर्षांपूर्वीचे भग्न क्रीडागार पाहतो. अथेन्सला गेलेला प्रवासी टेकडीवरचे संगमरवरी देवालय पाहतो. तेथील दगड खरोखरीच तितके जुने आहेत. परंतु पोलंड देशाची राजधानी वॉर्सा हिची गोष्ट निराळी आहे.

वॉर्साच्या जुन्या नगरात पाऊल टाकताच आपण तीन-चारशे वर्षे मागे गेलो, असा भास होतो. गल्ल्या अरुंद आणि फरसबंद. दोन्ही बाजूंस एकमेकींना खेटून उभी असलेली उंच घरे. कोणाचा रंग पिवळा, कोणाचा तांबूस, कोणाचा फिकट हिरवा. दारांवर कोरीव काम आणि वर लाल कौलांची उतरती छपरे. आपण कौतुकाने पाहत असतो, तोच सोबतचा वाटाड्या सांगतो, “ही घरे दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली आहेत. १९४५ साली येथे विटांच्या ढिगाऱ्यांवाचून काही उरले नव्हते.”

हे ऐकून आपण चकित होतो. मग या नगराला जुने म्हणावयाचे, की नवे? हा प्रश्न मनात ठेवूनच आज आपण वॉर्सात एक फेरी मारू.

वॉर्सा हे व्हिश्चुला नदीच्या तीरावर वसलेले शहर आहे. नदीच्या पश्चिमेकडील उंच काठावर जुने नगर आहे. त्याच्या वेशीपाशी एक ऐसपैस चौक आहे आणि चौकाच्या मध्यभागी बावीस मीटर उंचीचा एक स्तंभ उभा आहे. स्तंभावर राजा तिसरा झिगमुंट याचा पुतळा आहे. त्याच्या एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार आहे. पूर्वी पोलंडची राजधानी दक्षिणेकडील क्राको या शहरी होती. या राजाने आपला दरबार वॉर्साला आणला आणि नदीकाठचे हे गाव राजधानी बनले. त्याच्या मुलाने १६४४ साली पित्याच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला.

स्तंभ पाहून झाला की थोडे पलीकडे पाहावे. राजवाड्याच्या भिंतीलगत हिरवळीवर दगडी स्तंभांचे मोठमोठे तुकडे आडवे पडलेले दिसतात. एवढ्या नीटनेटक्या शहरात हे तुटके दगड कोणी का उचलले नसावेत? याचे उत्तर फेरीच्या शेवटी आपणांस आपोआप सापडेल.

चौकाला लागूनच विटकरी रंगाचा राजवाडा आहे. पोलंडच्या इतिहासात या वास्तूला मोठा मान आहे. ३ मे १७९१ रोजी येथील सभागृहात देशाची लिखित राज्यघटना संमत झाली. युरोपातील पहिल्या लिखित राज्यघटनांपैकी ती एक होय. पण पोलंडचे भाग्य फार काळ टिकले नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडले आणि १७९५ साली पोलंड हा देश नकाशावरून नाहीसा झाला. पुढे एकशे तेवीस वर्षांनी, १९१८ साली, तो पुन्हा स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य मिळून पुरती एकवीस वर्षे होतात न होतात तोच त्याच्यावर दुसरे संकट कोसळले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले. १७ सप्टेंबर रोजी राजवाड्यावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. मनोरा पेटला आणि त्यावरील घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. काझिमियेश ब्रोक्ल हे वाड्यातील संग्रहाचे रक्षक होते. ते त्याच दिवशी आपले काम करीत असता मारले गेले. पण त्यांचे सहकारी डगमगले नाहीत. राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख स्तानिस्लाव लोरेन्त्स यांच्यासह त्यांनी जळक्या वाड्यातून चित्रे, मूर्ती, दारे, नक्षीकामाचे तुकडे, भिंतींच्या रंगाचे नमुनेसुद्धा काढून नेले आणि जिवावर उदार होऊन लपवून ठेवले. वाडा पुन्हा बांधण्याचा दिवस उगवेल, असे सांगणारा तेव्हा कोण होता? शत्रूने तर भिंतींत सुरुंग भरण्यासाठी हजारो भोके पाडून ठेवली होती. १९४४ साली त्याने ते सुरुंग उडविले आणि वाडा जमीनदोस्त झाला.

तो दिवस मात्र उगवला. १९७१ साली वाडा पुन्हा बांधावयाचे ठरले. देशातील लोकांनी आणि परदेशी राहणाऱ्या पोलिश लोकांनी त्यासाठी वर्गण्या दिल्या. लपविलेले तुकडे बाहेर काढून नव्या भिंतींत त्यांच्या मूळ जागी बसविण्यात आले. १९७४ सालच्या जुलै महिन्यात मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हा सुरू करण्यात आले. ते किती वाजता सुरू केले असेल? बरोबर सव्वाअकरा वाजता! जेथे काळ थांबला होता, तेथूनच त्याला पुन्हा चालावयास लावले.

राजवाड्यातील एका दालनापाशी मात्र अवश्य थांबावे. तेथे वॉर्साच्या रस्त्यांची चित्रे ओळीने लावली आहेत. बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ती काढली. तो राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्या पदरी होता. काळोख्या पेटीत भिंगातून पडणाऱ्या प्रतिबिंबाच्या आधारे इमारतींची रेखाटने करण्याची कला त्याला साध्य होती. त्यामुळे कोणत्या घराला किती खिडक्या, कोणत्या देवळाचा कळस कसा, छपराचा उतार किती, हे सारे त्याच्या चित्रांत बारकाईने उतरले आहे. राजाला आपल्या नगरीची शोभा भिंतीवर हवी होती म्हणून ही चित्रे निघाली. हीच चित्रे पाहून पुढे कोणी तीच नगरी पुन्हा बांधील, हे त्या चित्रकाराच्या स्वप्नातही आले नसेल.

राजवाड्याकडून निघालेली गल्ली आपणांस सेंट जॉनच्या जुन्या कॅथीड्रलवरून पुढे नेते. कॅथीड्रलच्या बाहेरील भिंतीत लोखंडी साखळीपट्ट्याचा एक तुकडा बसविलेला आहे. भिंती पाडण्यासाठी जर्मनांनी स्फोटके भरलेल्या ज्या लहान गाड्या सोडल्या होत्या, त्यांची ती खूण आहे. गल्ली संपते आणि आपण जुन्या बाजारचौकात येतो.

हा चौक म्हणजे जुन्या नगराचे हृदय होय. चारही बाजूंस व्यापाऱ्यांची उंच, रंगीत घरे आहेत आणि मध्ये आहे एका मत्स्यकन्येचा पुतळा. तिचा कमरेवरचा भाग स्त्रीचा आणि खालचा माशाचा. पण ही मत्स्यकन्या हाती आरसा घेऊन बसलेली नाही. तिने एका हातात ढाल धरली आहे आणि दुसऱ्या हाताने तलवार उगारली आहे. तीच वॉर्सा शहराचे बोधचिन्ह आहे. चौकातील आजचा पुतळा ही प्रतिकृती आहे. १८५५ सालचा मूळ पुतळा शहराच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

तिच्याविषयी एक दंतकथा सांगतात. फार पूर्वी व्हिश्चुलेच्या काठी कोळ्यांची वस्ती होती. कोणीतरी रोज त्यांची जाळी गुंतवून आत सापडलेले मासे सोडून देई. कोळी पाळतीवर बसले, तो नदीतून एक मत्स्यकन्या वर आली आणि गाऊ लागली. तिचे गाणे ऐकून कोळ्यांचा राग कोठच्या कोठे पळाला. परंतु एका धनाढ्य व्यापाऱ्याला वाटले, की हिला जत्रेत दाखविले तर पैशांचा पाऊस पडेल. त्याने कपटाने तिला पकडून एका लाकडी झोपडीत कोंडले. तिचे रडणे एका कोळ्याच्या मुलाच्या कानी पडले. त्याने मित्रांना घेऊन रात्री तिची सुटका केली. तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही माझ्या हाकेला धावून आलात. तुमच्यावर संकट येईल तेव्हा मीही धावून येईन.” म्हणून तिच्या हाती ढाल-तलवार आहे.

संकट आले, ते या कथेतील कोणाही व्यापाऱ्याहून क्रूर होते. सुमारे पाच वर्षे वॉर्साने जर्मनांची गुलामगिरी सोसली. अखेर १ ऑगस्ट १९४४ रोजी, सायंकाळी पाच वाजता, नागरिकांनी शस्त्र उपसले. शस्त्रे थोडी, दाणागोटा त्याहून थोडा. तरीही ते त्रेसष्ट दिवस लढले. २ ऑक्टोबर रोजी त्यांना शरण जावे लागले. दीड लाखाहून अधिक नागरिक त्या दोन महिन्यांत प्राणांस मुकले. उरलेल्यांना शहराबाहेर हाकलण्यात आले. आणि मग हिटलरच्या आज्ञेने त्या निर्मनुष्य शहराचा पद्धतशीर संहार सुरू झाला. जर्मन सैनिकांच्या तुकड्या रस्त्यामागून रस्ता घेत. घराला आग लावीत. भिंत उरलीच तर ती सुरुंगाने उडवीत. ग्रंथालये जाळण्यात आली, स्मारके उडवून देण्यात आली. हे शहर पुन्हा कधी कोणाला आठवूसुद्धा नये, असा शत्रूचा हेतू होता. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन सैन्य हटले, तेव्हा शहराचा सुमारे पंचाऐंशी टक्के भाग नष्ट झाला होता.

‘राजधानी दुसऱ्या शहरी न्यावी आणि हे अवशेष तसेच राहू द्यावेत,’ असेही तेव्हा काही जणांनी सुचविले. पण शहरातले लोक निकालाची वाट पाहत बसलेच नाहीत. भर हिवाळ्यात, बर्फातून वाट तुडवीत, ते आपापल्या घराच्या जागी परत येऊ लागले. कोणी तळघरात बिऱ्हाड थाटले, कोणी अर्ध्या पडलेल्या भिंतीच्या आडोशाला. सरकारने राजधानी पुन्हा बांधण्याचे ठरविले. हातोहात विटा पुढे देणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा उभ्या राहिल्या. ढिगाऱ्यातून निघालेला कोरीव दगड, लोखंडी जाळी, दाराची चौकट, जे जे वापरण्याजोगे होते ते निवडून ठेवण्यात आले.

पण नुसत्या विटांनी जुने घर परत उभे राहत नाही. त्याची मापे हवीत. ती कोठून आली? ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. युद्धापूर्वी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील वास्तुकलेचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून जुन्या घरांची मापे घेऊन त्यांचे नकाशे काढीत. शत्रूने विद्यापीठ बंद केले, तरीही प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी हे काम गुप्तपणे चालू ठेवले. उठाव मोडल्यानंतर हे नकाशे शहराबाहेर नेऊन पिओत्रकूफ गावच्या एका मठात दडविण्यात आले. युद्ध संपल्यावर ते बाहेर निघाले. हे नकाशे, बेलोत्तोची चित्रे आणि जुनी छायाचित्रे समोर ठेवून वास्तुतज्ज्ञ यान झाख्वातोविच आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. २२ जुलै १९५३ रोजी बाजारचौक लोकांसाठी खुला झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नवे नगर जुन्याची हुबेहूब नक्कल नाही. कित्येक घरे बाहेरून जुनी असली, तरी आतून आजच्या सोयींची आहेत. चित्रकाराने कोठे कोठे आपल्या पदरची शोभा चित्रात घातली होती, तीही काही घरांवर उतरली. विटा कमी पडल्या, तेव्हा इतर शहरांतील पडक्या इमारतींच्या विटा येथे आणण्यात आल्या आणि त्या शहरांचे त्यात नुकसान झाले. म्हणूनच या नगराला जागतिक वारशाच्या यादीत घ्यावे की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होता. अखेर १९८० साली युनेस्कोने त्याला त्या यादीत स्थान दिले. दगड जुने होते म्हणून नव्हे. एका राष्ट्राने आपला इतिहास एवढ्या निष्ठेने पुन्हा उभारल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण होते म्हणून.

चौकातून उत्तरेकडे गेले की तटाचा अर्धवर्तुळाकार बुरूज लागतो. त्याला बार्बिकन म्हणतात. सोळाव्या शतकातील हा बुरूजही युद्धानंतर नव्याने बांधलेला आहे. तटाच्या कडेने थोडे चालले, की एका लहान मुलाचा पुतळा दिसतो. त्याच्या डोक्यावर मोठ्या माणसाचे शिरस्त्राण आहे. ते त्याला इतके सैल आहे, की कपाळ झाकून गेले आहे. पायांतले बूटही मोठे आहेत आणि हातात बंदूक आहे. याला ‘छोटा बंडवाला’ म्हणतात. बालवीरांनी जमविलेल्या पैशांतून १९८३ साली हा पुतळा उभा राहिला.

उठावाच्या दिवसांत शहराचे तुकडे पडले होते. या भागातील आईला त्या भागातील मुलाची खबर मिळत नव्हती. तेव्हा बालवीरांनी टपाल सुरू केले. बारा-चौदा वर्षांची मुले-मुली पडक्या भिंतींआडून आणि तळघरांतून पत्रे पोहोचवीत. पत्र पंचवीस शब्दांहून मोठे नसावे, असा नियम होता. त्यासाठी पैसे पडत नसत. ज्याला शक्य असेल त्याने जखमी सैनिकांसाठी एखादे पुस्तक द्यावे, एवढीच अपेक्षा असे. त्यांतली सगळीच मुले घरी परतली नाहीत. मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसावे, टोपी असावी; खांद्याला बंदूक नसावी, दप्तर असावे. त्या पुतळ्यापुढे लोक फुले ठेवतात, तेव्हा त्यांच्या मनात अभिमानाबरोबर ही खंतही असते.

बुरूज ओलांडला की फ्रेटा नावाचा रस्ता लागतो. त्यावरील सोळा क्रमांकाच्या घरात १८६७ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव मार्या स्क्लोदोव्हस्का. जग तिला मेरी क्यूरी या नावाने ओळखते. तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती. म्हणून तरुण-तरुणी आज या घरी, तर उद्या त्या घरी, असे लपूनछपून वर्ग भरवीत. मार्या अशाच गुप्त वर्गांत शिकली आणि पुढे पॅरिसला गेली. १८९८ साली तिने व तिच्या पतीने एक नवे मूलद्रव्य शोधून काढले. त्याला तिने ‘पोलोनियम’ असे नाव दिले. नकाशावर नसलेल्या आपल्या मायदेशाचे नाव तिने विज्ञानाच्या पुस्तकात कायमचे लिहून ठेवले! पुढे तिला दोनदा नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रेटा रस्त्यावरील घर १९४४ साली पडले होते. तेही पुन्हा बांधण्यात आले. आता तेथे तिचे संग्रहालय आहे.

येथून जवळच, मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचे स्मारक आहे, त्या परिसरात एक लहानसे स्मारक पाहून महाराष्ट्रातील प्रवाशाचे पाऊल अडखळते. कारण त्यावर चक्क ‘कोल्हापूर’ हे नाव आहे! वॉर्सात कोल्हापूर कोठून आले?

१९३९ साली पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाने व्यापला. तेथील लाखो लोकांना सैबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांत नेण्यात आले. पुढे सुटका झाल्यावर त्यांपैकी हजारो स्त्रिया आणि मुले इराणमार्गे भारतात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना बालाचडी येथे आश्रय दिला. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. तिच्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती. पंचगंगेच्या परिसरात ती मुले वाढली. युद्ध संपल्यावर ती मंडळी निरनिराळ्या देशांत पांगली, पण कोल्हापूरला विसरली नाहीत. वॉर्सातील हे स्मारक त्या उपकाराची आठवण म्हणून उभारले आहे. जामसाहेबांच्या स्मरणार्थही २०१२ साली शहरातील एका चौकाला ‘भल्या महाराजांचा चौक’ असे नाव देण्यात आले.

जवळच मुरानूफ नावाची वस्ती आहे. येथील काही घरांना रस्त्यावरून पायऱ्या चढून जावे लागते. कारण ती घरे ढिगाऱ्यांवरच बांधलेली आहेत. या ढिगाऱ्यांखाली दुसरेच एक दुःख पुरलेले आहे. १९४० साली नाझींनी येथे उंच भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यू लोकांना कोंडले. भूक आणि रोगराई यांनी असंख्य माणसे मेली. उरलेल्यांना आगगाडीने मृत्युछावण्यांत नेण्यात आले. १९४३ च्या एप्रिल महिन्यात शिल्लक राहिलेल्या मूठभर तरुणांनी शस्त्र उचलले आणि जवळजवळ चार आठवडे प्रतिकार केला. त्यांचे स्मारक येथे आहे आणि त्यासमोर पोलंडमधील ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. नगर पुन्हा बांधता आले. ही माणसे मात्र परत आणता आली नाहीत.

त्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर होते. ते मुलांचे आवडते लेखक होते आणि एक अनाथाश्रम चालवीत. १९४२ सालच्या जुलै महिन्यात त्यांच्या मुलांनी एक नाटक केले. ते नाटक होते आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. खोलीत कोंडलेला आजारी अमल खिडकीतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो, अशी त्याची कथा आहे. भिंतीआड कोंडलेल्या त्या मुलांना अमलचे मन किती कळले असेल! ऑगस्टच्या आरंभी शिपाई मुलांना न्यावयास आले. डॉक्टरांना स्वतःचा जीव वाचविण्याची संधी होती. त्यांनी ती नाकारली आणि सुमारे दोनशे मुलांबरोबर ते मृत्यूच्या वाटेने चालत गेले.

जड मनाने आपण परत फिरतो आणि राजवाड्याकडून दक्षिणेस जाणाऱ्या राजमार्गाला लागतो. या मार्गावर होली क्रॉस नावाचे चर्च आहे. थोर संगीतकार शोपँ तरुणपणी वॉर्सा सोडून गेला, तो पुन्हा परतला नाही. १८४९ साली तो पॅरिसमध्ये वारला. त्याचे हृदय त्याच्या बहिणीने मायदेशी आणले. ते या चर्चच्या एका खांबात ठेवलेले आहे.

जवळच कोपर्निकसचा पुतळा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे सांगणारा हाच तो ज्योतिषी. पुतळ्याखाली ‘देशबांधवांकडून’ अशा अर्थाचा पोलिश लेख होता. जर्मनांनी त्यावर आपली पाटी ठोकून कोपर्निकस जर्मन असल्याचा दावा केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये आलेक दाविदोव्स्की नावाच्या एका तरुण बालवीराने पहाऱ्यातून जाऊन ती पाटी काढून नेली. रागावलेल्या जर्मनांनी किलिन्स्की या जोडे शिवणाऱ्या जुन्या स्वातंत्र्यवीराचा पुतळा उतरवून राष्ट्रीय संग्रहालयात दडविला. थोड्याच दिवसांत संग्रहालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आढळले: “वॉर्साच्या लोकहो, मी येथे आहे! यान किलिन्स्की.” लिहिणारा अर्थात आलेकच. दुसऱ्या वर्षी आपल्या सवंगड्याला सोडविताना तो जखमी झाला आणि मरण पावला. पण गुलामगिरीच्या त्या काळोखात त्याने सबंध शहराला हसविले होते.

दिवस कलतो आणि आपण पुन्हा झिगमुंटच्या स्तंभापाशी येतो. शत्रूने १९४४ साली तो पाडला होता. १९४९ साली तो पुन्हा उभा राहिला. हिरवळीवर पडलेले तुकडे त्याच्याच जुन्या खांबांचे आहेत. ते कोणी का उचलले नाहीत, हे आता सांगावयास नको. काय घडले होते, हे ते दगड सांगतात. आणि त्यानंतर लोकांनी काय केले, हे उभा स्तंभ सांगतो. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत.

दर वर्षी १ ऑगस्ट रोजी सायंकाळी पाच वाजता शहरात भोंगे वाजतात. ट्रामगाड्या, मोटारी, चालणारी माणसे, सारे जागच्या जागी उभे राहतात. मिनिटभराने शहर पुन्हा चालू लागते.

तर मग वॉर्साचे जुने नगर जुने की नवे? त्याच्या विटा नव्या आहेत. पण ती घरे कशी होती हे ज्यांनी मोजून ठेवले, लपवून ठेवले आणि विसरू दिले नाही, त्यांची आठवण जुनी आहे. तिच्या पायावर हे नगर उभे आहे.

अभ्यास

१. राजवाड्यावरील घड्याळ सव्वाअकरा वाजताच पुन्हा का सुरू केले असावे?

२. जुनी घरे पुन्हा बांधताना कोणकोणत्या साधनांचा उपयोग झाला? ती साधने कशी टिकून राहिली?

३. वॉर्सातील स्मारकावर ‘कोल्हापूर’ हे नाव का आहे, ते आठ-दहा ओळींत सांगा.

४. कोर्चाक यांच्या मुलांना ‘डाकघर’ हे नाटक जवळचे का वाटले असेल?

५. ‘नगर पुन्हा बांधता आले, ही माणसे मात्र परत आणता आली नाहीत.’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

६. वाक्यांत उपयोग करा: जिवावर उदार होणे, जमीनदोस्त होणे, पाळतीवर बसणे, प्राणांस मुकणे.

७. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूचे बारकाईने निरीक्षण करा. तिची दारे, खिडक्या, नक्षी व मापे यांची नोंद करून चित्र काढा.